ठेवलेलं केळं, दिलेलं केळं

“थांबतो म्हणजे नेमका कुठं थांबतो?” भंतेंनी विचारलं.

मी स्वतःचा हात पुढे करून दाखवला. “इथं. समोर दोन वस्तू असल्या की तिचा हात निघतो. दोन्हींच्या बरोबर मधे जातो. आणि तिथंच राहतो. ही घेत नाही, ती घेत नाही.”

“मग?”

“मग काही नाही.”

या ‘मग काही नाही’नं माझी झोप उडवली होती.

माझी मुलगी सम्यका. घरी समू. वय चार. बालवाडीच्या बाईंनी मला फाटकाशी थांबवून सांगितलं होतं, की खडूंची पेटी पुढे केली की बाकीची पोरं झडप घालतात आणि समूचा हात लाल आणि निळ्याच्या मधे लोंबकळत राहतो. पेटी पुढे निघून जाते. हात तिथंच.

“मोठ्या शाळेत हिला जड जाईल हं,” असं त्या हसत हसत म्हणाल्या. हसत हसत सांगितलेलं मला जास्त लागतं.

डॉक्टरांनी सगळं तपासलं. हात उत्तम, नजर उत्तम. “थोडं थांबून पाहू,” म्हणाले.

थांबून पाहणं मला येत नाही. मी घरी येऊन वाचत सुटले. बी.एस्सी.ला माझा प्राणिशास्त्र विषय होता. म्हणजे समजायला थोडं कमी आणि घाबरायला अगदी पुरेसं शिक्षण.

शेवटी सासूबाईंनी भाकर आणि पिठल्याचा डबा बांधला, वर एक मोठं केळं दिलं आणि म्हणाल्या, “भंतेंना भोजनदान दे. लेकीलाही संगं ने. विचार त्यांना.”

ते काय डॉक्टर आहेत, असं मी म्हटलं नाही. मनात म्हटलं.

भंते उपसेन गावाबाहेरच्या टेकडीवर, पत्र्याच्या छपराच्या लहानशा विहारात एकटे राहतात. दिवसातून एकदा जेवतात, तेही बाराच्या आत. बारा वाजले की त्या दिवसापुरतं अन्न संपलं. लोक त्यांच्याकडे प्रश्न घेऊन जातात आणि बरेचदा तोच प्रश्न घेऊन परत येतात, अशी त्यांची ख्याती. तरी जातात.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. मी वंदन केलं, समूला करायला लावलं, डबा त्यांच्यापुढे चटईवर ठेवला, शेजारी केळं ठेवलं, आणि सरळ प्रश्नाला हात घातला.

“का थांबतो तो हात?” मी म्हटलं. “हेच विचारायला आले.”

भंते समूकडे पाहत होते. समू त्यांच्या चीवराच्या रंगाकडे पाहत होती.

“तुले काय वाटते?” त्यांनी मला विचारलं.

“मी वाचलंय थोडं...”

“सांग.”

मी सांगितलं. कुणी ‘सांग’ म्हटलं की मी परीक्षेला बसल्यासारखी सांगते.

“समोर दोन वस्तू असल्या, तर आधी एक ठरवायची आणि मग हात हलवायचा, असं मेंदूत घडत नाही म्हणे. तो दोन्हीकडे जायची तयारी एकदमच करून ठेवतो. दोन्ही वाटा आखलेल्या. कधीकधी काही ठरायच्या आधीच हात निघतो, म्हणून तो मधल्या दिशेनं जातो. मग जाता जाता एक वाट दाबली जाते, आणि हात दुसरीकडे वळतो. हे क्षणात होतं. आपल्याला कळतही नाही.”

“आणि थांबणं?”

“ते वेगळं. निघालेला हात थांबवायला मेंदूला मुद्दाम जोर लावावा लागतो. ब्रेक दाबावा तसा. हात थांबलेला दिसतो तेव्हा आत काहीच चाललेलं नाही असं नसतं... आत बरंच चाललेलं असतं.”

“म्हणजे थांबणं हे काम आहे.”

“हो.”

“मेहनतीचं?”

“तसंच म्हणायचं.”

भंतेंनी मान हलवली. अगदी मनापासून. “चांगलं वाचलंस, बाई. हे मले माहीत नव्हतं.”

मी जरा फुलले.

“मग तुझी लेक येवढी मेहनत करते, तिले तू आजारी काहून म्हणतेस?”

मी परत होते तेवढी झाले.

“कारण बाकीच्यांचे हात वळतात, भंते. हिचा वळत नाही. ब्रेक दाबला जातो आणि... आणि सुटत नाही. तो कायमचा अडकला असेल तर?”

‘कायमचा’ हा शब्द मी घरात कुणासमोर काढला नव्हता. नवऱ्यासमोरही नाही. तो म्हणतो, “तुझ्यावर गेलीय. तूही साड्यांच्या दुकानात अशीच उभी राहतेस.” त्याला असं हसण्यावारी नेता येतं. मला तेही येत नाही.

भंतेंनी शेजारचं भिक्षापात्र मांडीवर घेतलं.

छपरावर कसलीशी शेंग पडली. समू दचकली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. मग फ्रॉक गुडघ्यावर ओढला. मग पदरानं तिचं नाक पुसलं. नाक वाहत नव्हतं.

“बाई.”

“हो?”

“बारा वाजत आले असतील.”

“अगंबाई, हो की! जेवून घ्या ना, भंते. माझं बोलणं काय, चालूच राहील.”

“मिळालं तर जेवीन.”

“डबा ठेवलाय की तुमच्यापुढे.”

“हो,” भंते म्हणाले. “ठेवलाय.”

ते हलले नाहीत. त्यांचं पात्र, ते काळ्या मातीच्या रंगाचं भांडं, त्यांच्या मांडीवर होतं. डबा त्यांच्या गुडघ्याला लागेल एवढ्या जवळ. केळं त्याच्या बाजूला. आणि ते नुसते बसले होते.

मला वाटलं, पिठलं आवडत नसेल. मग वाटलं, मी आल्या आल्या प्रश्न विचारला तो राग असेल. मग वाटलं, डबा पुसून द्यायला हवा होता, खालून तेलकट होता. कारणं मला पटापट सुचतात आणि प्रत्येकात चूक माझीच असते.

“तू ठेवलंस, बाई,” भंते म्हणाले. “दिलं नाईस.”

... मी जीभ चावली.

हे मला माहीत होतं! भिक्खूनं समोरचं अन्न आपण होऊन उचलायचं नसतं. देणाऱ्यानं हातभर अंतरावर यायचं, वस्तू उचलायची आणि त्यांच्या पात्रात द्यायची. तेव्हा ते त्यांचं. तोपर्यंत ते पुढ्यात असूनही त्यांचं नाही. लहानपणी माझ्या आईला दोन्ही हातांनी, वाकून देताना पाहिलेलं. आणि मी बी.एस्सी. बाई पाहुण्यापुढे बशी सरकवावी तशी सरकवून मोकळी झाले होते.

“चुकलं, भंते. आत्ता देते.” मी डब्याकडे झेपावले.

“थांब.”

माझा हात डब्यावर पोचलाही होता.

“तू नको,” ते म्हणाले. “तुझे हात मांडीखाली घे.”

“काय?”

“बस हातावर.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते थट्टा करत नव्हते. निदान चेहऱ्यावरून तरी नाही. मी दोन्ही तळवे चटईवर टेकवले आणि त्यांच्यावर बसले. शाळेत बडबड करणाऱ्या मुलींना अशी शिक्षा असायची. मी तेव्हा कधी ती भोगली नव्हती. राहिलेली आता फिटली म्हणायची.

“आई काय करतेय?” समूनं विचारलं.

“बसलीय,” भंते म्हणाले.

समू थोडी पुढे सरकली. डब्याकडे पाहिलं, केळ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं.

“आजोबा, तुम्ही जेवत का नाही?”

“भंते म्हण, समू,” मी म्हटलं.

“आजोबा चालते,” ते म्हणाले. “माय, मले घेता येत नाई.”

“तुम्हाला हात आहेत की.”

“आहेत.”

“मग दुखतात?”

“नाई.”

“मग कुणी बांधून ठेवलेत?”

“मीच.”

समूनं त्यांचे हात नीट पाहिले. दोरी शोधली असावी.

“दिसत नाही,” ती म्हणाली.

“दिसत नाई. पण हात निघाला की मीच त्याले म्हणतो, थांब.”

“भूक लागली तरी?”

“भूक लागली तरी.”

समू विचारात पडली. मग तिनं आवाज खाली आणला. मोठ्या माणसांसमोर सांगायचं नसतं ते सांगताना ती आणते तसा.

“माझा पण थांबतो,” ती म्हणाली.

इतके दिवस मी तिला विचारत होते. लाडानं, रागानं, खेळातून, चित्रं दाखवून. ती खांदे उडवायची.

“तुझा कोण थांबवते?” भंतेंनी विचारलं. हवापाण्याचं विचारावं तसं.

“माहीत नाही. केळं पण बोलावतं. डबा पण बोलावतो.”

“दोघंही?”

“एकदम. मग मी कुणाकडे जाऊ?”

“हां. मग तू काय करतेस?”

“थांबते.”

“आणि मग?”

“मग आई देते.”

...

तिनं ते तक्रार म्हणून सांगितलं नाही. पाऊस वरून पडतो, असं सांगावं तसं सांगितलं. हात निघतो, हात थांबतो, आई देते. संपलं.

‘मग काही नाही’ असं मी म्हटलं होतं.

मी भंतेंकडे पाहायचं टाळलं. ते माझ्याकडे पाहतच नव्हते. त्यांनी पात्र दोन्ही हातांनी उचललं आणि पुढे धरलं.

“मले भूक लागली, माय,” ते समूला म्हणाले. “यातलं काई देतेस का?”

समूनं माझ्याकडे पाहिलं.

“आई, तुझे हात कुठे गेले?”

“हे काय. मांडीखाली.”

“काढ.”

मी भंतेंकडे पाहिलं. ते पात्राकडे पाहत होते.

“नाही काढता येत,” मी म्हटलं.

समूला हसू आलं. कुणालाच हात नाहीत, ही तिला मोठीच गंमत वाटली असावी. मग हसू ओसरलं आणि ती गंभीर झाली, कारण हिशेब तिच्या ध्यानात आला: इथं चालता हात तेवढा तिचाच.

तो निघाला.

मला ठाऊक होतं तसाच निघाला. डबा डावीकडे, केळं उजवीकडे, हात बरोबर मधे. पुढे, पुढे, आणि थांबला. पाच बोटं उघडी. खाली चटई.

मला शांतता सहन होत नाही, म्हणून मी बोलले.

“मध्यम मार्ग, भंते,” मी म्हटलं. विनोद होता. आवाज मात्र रडवेला निघाला.

“तिथं चटई आहे,” भंते म्हणाले.

हात तसाच.

ऊन उंबऱ्यावरून मागे सरकत होतं. खाली गावात नगरपरिषदेचा बाराचा भोंगा होतो. तो कधीही होईल असं मला वाटत होतं. झाला की या माणसाला उद्यापर्यंत काही खाता येणार नाही, आणि ते माझ्या मुलीमुळे. नाही, माझ्यामुळे. माझ्या मांडीखाली बोटं वळवळत होती. ‘केळं दे बेटा, केळं’ एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं. भुवईनं नुसतं उजवीकडे दाखवलं असतं तरी झालं असतं. मला कधी वाटलं नव्हतं की माझ्या भुवयासुद्धा तिच्या तोंडात घास भरवतात.

मी डोळे मिटले.

हे त्या दिवसातलं सगळ्यात कठीण काम होतं, आणि थांबणं हे काम आहे, असं थोड्याच वेळापूर्वी मी याच चटईवर बसून एका माणसाला समजावून सांगितलं होतं.

मिटल्या डोळ्यांनी ऐकू येत होतं. समूचा श्वास. तिच्या बांगडीचा एक बारीक आवाज...

मी डोळे उघडले.

हात वळला होता. उजवीकडे. केळ्यावर होता. तिनं ते देठाकडून धरून उचललं. मी आयुष्यात अनेक केळी पाहिली असतील. असं उचललं गेलेलं पाहिलं नव्हतं.

ती उभी राहिली, पुढे गेली, केळं पात्राकडे नेलं... आणि पात्राच्या थोडं अलीकडे हात पुन्हा थांबला.

एवढंसं अंतर. एक बोटभर.

“भंते,” मी न राहवून म्हटलं, “पात्र जरासं पुढं करा ना. एवढंसं तर आहे.”

“तिचं देऊन व्हायचं आहे अजून,” ते म्हणाले.

“पण भोंगा...”

“होईल.”

त्यांचं पात्र हवेत. तिचं केळं हवेत. दोघांचेही हात थांबलेले, आणि दोघांनाही त्याचं काही वाटत नव्हतं. घाई काय ती हातावर बसलेलीला.

“हे द्यायचं ना?” समूनं विचारलं. मला नाही. त्यांनाही नाही. केळ्याला विचारल्यासारखं.

मग टप्पकन आवाज झाला. केळं पात्रात होतं.

“साधू, साधू,” भंते म्हणाले आणि सोलायला लागले. सावकाश. मला वाटलं, इतकं सावकाश केळं कुणी खात नसेल. समू त्यांच्यासमोर उकिडवी बसून एक एक घास जाताना पाहत होती. आपण दिलेली वस्तू दुसऱ्याच्या पोटात कशी जाते, ते तपासून घेत होती.

शेवटचा घास गेला. त्यांनी साल पात्राच्या कडेला ठेवली.

खाली गावात भोंगा झाला.

“डबा राहिला!” मी म्हटलं. “भंते, भाकर तशीच राहिली. पिठलं... सासूबाईंनी खास तुमच्यासाठी...”

“राहिला.”

“तुम्ही उपाशी राहिलात आमच्यापायी.”

“उपाशी कुठं? केळं खाल्लं.” ते समूकडे पाहून म्हणाले, “गोड होतं.”

“मला माहीत होतं,” समू म्हणाली.

मी हात मांडीखालून सोडवले. ते माझे राहिले नव्हते. तळव्यांवर चटईची नक्षी उमटली होती, बोटं पांढरीफटक. मी ती उघडमीट करून पाहिली. कळायचं नाही की कुठलं बोट कुठं आहे.

आणि हात रिकामे होताच माझी काळजी परत आली. तिला जायला दुसरी जागा नाही.

“भंते, आज झालं,” मी म्हटलं. “इथं झालं. तुम्ही होतात, शांत होतं, दोनच वस्तू होत्या. पण उद्या शाळेत? तिथं पेटीभर खडू असतात. पोरं ढकलतात. तिथं हात पुन्हा थांबला, तर?”

“थांबेल.”

“आणि थांबलेलाच राहिला तर? तो सुटेल, हे मी कशावरून समजू?”

भंते माझ्या हातांकडे पाहत होते.

“काय होते हातांले?”

“मुंग्या आल्यात,” मी म्हटलं. “आधी काहीच कळत नव्हतं. आता नुसत्या सुया टोचतायत. सहन होईना.”

“बसली होतीस तवा होत्या?”

“नाही. तेव्हा नव्हत्या.”

भंतेंनी पात्र खाली ठेवलं.

“दबलेल्या हाताले मुंग्या येत नाईत, बाई. सुटत्या हाताले येतात.”

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. आणखी काही म्हणतील म्हणून.

मग समूनं डब्याकडे पाहिलं, भंतेंकडे पाहिलं, आणि माझ्याकडे न पाहता झाकणाला हात घातला.

“आजोबांचं झालं ना? मग भाकर मी खाते.”